ऑनलाइन पैसे गेले तर तक्रार कुठं आणि कशी करायची, कोण करू शकतं, काय कागद लागतात

पैसे कटल्याचा मेसेज आला की पहिला फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. बँकेत पळायचं नाही, जावयाला विचारत बसायचं नाही, गल्लीतल्या मोबाईलवाल्याकडं तर अजिबात जायचं नाही.

एवढं जोर देऊन सांगतोय कारण आमच्या सोलापुरातल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर विडी घरकुलातल्या एक मावशी आल्या होत्या, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लाडकी बहीणची केवायसी करायची लिंक आलेली, शेवटची तारीख आज म्हणून लिहिलेलं, तर त्यांनी विड्या वळता वळता मुलीला सांगून घरीच भरली, आधार टाकलं, एटीएम कार्डाचा नंबर मागितला तो टाकला, ओटीपी आला तोही टाकला, आणि दहा मिनिटांत पैसे गेल्याचे तीन मेसेज. त्या आधी बँकेत गेल्या, टोकन घेऊन बसल्या, तिथं म्हणाले चौकीत जा, चौकीत म्हणाले आधी स्टेटमेंट आणा, असं करत करत माझ्याकडं आल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि पैसे गेले होते सकाळी अकराला. हातातला मोबाईल घट्ट धरलेला, स्क्रीनवर तोच मेसेज उघडा ठेवलेला, बंद केला तर पुरावा जाईल असं त्यांना वाटत होतं. पाच तास गेले की ओ. आणि त्या पाच तासांत एकानंही त्यांना 1930 हा चार आकडी नंबर सांगितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता या नंबरनं काय होतं ते बघा. चोर तुमचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवत नाही, भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्याच कुणाच्या खात्यात टाकतो, तिथनं तिसऱ्या, चौथ्या, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधनं काढतो. 1930 ची यंत्रणा केंद्राच्या गृह मंत्रालयाच्या आयफोरसी म्हणजे सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं 2021 मध्ये सुरू केली, त्यात पोलीस, बँका, वॉलेट कंपन्या एकाच सिस्टीमवर जोडलेल्या आहेत. तुम्ही सांगितलेला ट्रान्झॅक्शन नंबर ऑपरेटरनं टाकला की तुमच्या बँकेला दिसतो, ती बघते पैसे पुढं कुठल्या बँकेत गेले, त्या बँकेला लगेच तिकीट (म्हणजे सिस्टीमवरनं सूचना) जातं, तिथं पैसे असतील तर तिथंच होल्ड, म्हणजे अडवून ठेवतात, नसतील तर पुढच्या बँकेला तिकीट. म्हणजे चोराच्या मागं मागं हे तिकीट पळतंय, तुम्ही जेवढा उशीर कराल तेवढा चोर पुढं.

फोन करताना हातात काय पाहिजे? बँकेचं नाव आणि खातं नंबर (कार्डनं गेले असतील तर कार्ड नंबर), किती गेले, कधी गेले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रान्झॅक्शन आयडी. यूपीआयनं गेले असतील तर हा 12 आकडी यूटीआर नंबर असतो, फोनपे गुगलपेमध्ये हिस्ट्रीत जाऊन त्या व्यवहारावर टच केलं की खाली दिसतो. पिन, ओटीपी, सीव्हीव्ही 1930 वाले मागत नाहीत, मागितला तर तो 1930 नाहीच. लाईन बिझी लागली तर परत परत लावा, आणि घरातल्या दुसऱ्याला तोवर पोर्टल उघडायला सांगा.

पोर्टलचा पत्ता सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन. गुगलवर शोधू नका, पत्ता स्वतः टाईप करा, कारण सर्चमध्ये वर वर बोगस साईट आणि बोगस कस्टमर केअर नंबर पण येतात. 1930 ला फोन केला असेल तर एसएमएसवर पोचनंबर येतो, तो वापरून उरलेली सगळी माहिती 24 तासांच्या आत पोर्टलवर भरायची. फोन लागलाच नाही तर थेट पोर्टलवरच फायनान्शियल फ्रॉडमध्ये तक्रार टाकायची, मोबाईल नंबर आणि ओटीपीनं लॉगिन होतं. घटना लिहायचा जो चौकोन आहे तिथं बरेच जण "माझे पैसे गेले मदत करा" एवढंच लिहितात, तसं करू नका, किती वाजता कुठल्या नंबरवरनं काय आलं, तुम्ही काय दाबलं, काय भरलं, मग कुठनं किती गेले, हे क्रमानं लिहा. मी तर लोकांना आधी वहीत लिहून आणायला सांगतो, घाबरलेल्या माणसाला वेळा आठवत नाहीत.

सोबत जोडायला बँक स्टेटमेंट किंवा पासबुकचं ते पान, पैसे कटल्याच्या एसएमएसचे स्क्रीनशॉट, आलेला मेसेज ज्यात नंबर दिसतोय असा, लिंकचा पूर्ण पत्ता, व्हॉट्सअ‍ॅप असेल तर समोरच्याचा प्रोफाईल नंबर, आणि आधार किंवा पॅनसारखं एक ओळखपत्र. रागानं चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.

तक्रार कोण करू शकतं, याला पात्रता अशी काही नाही. ज्याचे पैसे गेले तो, आणि त्याला जमत नसेल तर घरातलं कुणी त्याच्या वतीनं, खात्याचे डिटेल मात्र ज्याचे गेले त्याचेच. फी शून्य. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद मेसेज किंवा कॉल आलाय, तरी कळवता येतं, त्यासाठी संचार साथी या सरकारी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे, मागच्या 30 दिवसांतला कॉल किंवा मेसेज तिथं टाकता येतो.

एवढं करून मग बँक. बँकेला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, तोंडी सांगून येऊ नका. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 ला सर्क्युलर काढलं, त्यात चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्या तिसऱ्यानंच केलंय, असं असेल आणि तुम्ही 3 कामाच्या दिवसांत कळवलं असेल तर तुमच्यावर काहीच भार नाही, 4 ते 7 कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 पर्यंत भार. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तो तारखेचा शिक्का लाखमोलाचा. 30 दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट.

पोलिसांचं सोलापुरात जरा समजून घ्यायला लागतं. शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचं एसपी ऑफिस वेगळं. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगरवस्ती, एमआयडीसी, जोडभावी पेठ ही शहराची ठाणी. बार्शी, पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट, सांगोला असे तालुके ग्रामीणकडं. पण हद्दीवरनं तुम्हाला परत पाठवायचा प्रश्न नाही, नवीन कायद्यात म्हणजे बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 नुसार कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, मग ते पुढं योग्य ठिकाणी पाठवतात, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर झाली असं नाही, हे खूप जणांना माहितीच नसतं, तेव्हा पोचनंबराची प्रिंट घेऊन ठाण्यात जाऊन विचारा. होल्ड झालेले पैसे परत मिळायला बरेचदा कोर्टाची ऑर्डर लागते, कुठल्या खात्यात किती होल्ड आहेत हे तपास अधिकाऱ्याकडनं लिहून घ्या.

आता ओळखायचं कसं. लिंकच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याला लागून असलेल्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढचा पत्ता पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत बघा आणि तिथनं उलटा, उजवीकडनं वाचा. सरकारी असेल तर शेवट बहुतेक जीओव्ही डॉट इन असतो, काहींचा एनआयसी डॉट इन. लाडकी बहीणची खरी साईट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इननं संपते आणि केवायसीला एटीएम कार्ड मागत नाही. सुरुवातीला कितीही सरकारी नाव लिहिलं आणि शेवटी डॉट ऑनलाइन नाहीतर डॉट एक्सवायझेड असेल तर बोगस. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं डॉट बँक डॉट इन असा पत्ता घ्यायला लावलाय.

दुसरं एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकायची फाईल. आरटीओ चलन, लग्नाची पत्रिका, लाईट बिल अपडेट अशा नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते, ओळखीच्याच नंबरवरनं येते कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफमध्ये येते, नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे, टाकलं की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडं. टाकून बसलाच असाल तर मोबाईल लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद आहे का बघा, आणि 1930 दुसऱ्या मोबाईलवरनं लावा. नेटबँकिंगचा पासवर्डही दुसऱ्याच मोबाईलवरनं बदला.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि एकदा फसलेल्याला पुन्हा फोन येतो, सायबर सेलमधनं बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, प्रोसेसिंग फी भरा म्हणून. मावशींना पण आला होता, तिसऱ्याच दिवशी. या वेळी त्यांनी फोन कट केला, नंबर कागदावर लिहिला आणि तो घेऊन आधी सेंटरवर आल्या, आम्ही तो त्यांच्या तक्रारीच्या प्रिंटवरच लिहून ठाण्यात दिला.