शेकरू बघायचं असेल तर आधी खाली बघा

मे महिन्यात भीमाशंकरला गेलो होतो, दर्शनाची रांग बघितली आणि लांबूनच हात जोडून सरळ गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. अर्धा तास मान वर करून चालतोय, शेकरू कुठंच नाही, मानेला नुसती रग लागली. सोबत गावातले एक काका होते, ते म्हणाले, "वर काय बघताय, खाली बघा की." खाली अर्धी कुरतडलेली जांभळं पडलेली, गर अजून ओला, त्यावर दातांच्या रेघा. तेवढ्यात टप्पकन अजून एक पडलं. मग वर बघितलं तर पानांतून झुपकेदार शेपूट लोंबतंय, टोकाकडं पांढुरकं.

तर हा आपला राज्यप्राणी. आहे खारच, म्हणजे उंदराच्या खानदानातली, पण आपल्या सोसायटीतली पट्टेवाली खार जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम भरते आणि हे दीड ते दोन किलोचं धूड, शेपटीसकट जवळपास मीटरभर लांब. पाठ विटकरी, पोट सायीच्या रंगाचं. आपल्याकडच्या उपजातीला एल्फिन्स्टनचं नाव आहे, मुंबईचा जुना गव्हर्नर तो. (शेकरूला त्याचं काही नाही.) भारताबाहेर हा प्राणी जंगलात सापडत नाही.

एवढं वजन घेऊन फांदीच्या टोकावरचं फळ खायचं कसं? तर मागचे पाय फांदीला घट्ट रोवायचे, अंग उलटं खाली सोडायचं आणि पुढच्या दोन हातांत फळ धरून निवांत खायचं. शेपूट दुसऱ्या बाजूला, तराजूच्या पारड्यासारखं. आमचंवालं असंच खात होतं, एकेक जांभूळ फिरवून फिरवून, आणि निम्मं खाऊन टाकून देत होतं, घरी असं केलं असतं तर आईनं पाठीत धपाटा घातला असता. फळं नसतील तेव्हा फुलं, पानं, बिया, झाडाची साल, सगळं चालतं. पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात त्यामुळे टणक बी फोडून झीज झाली तरी बिघडत नाही.

सकाळी आणि संध्याकाळी खाणं, दुपारी फांदीवर आडवं पडून झोप, म्हणजे एक ते चार अगदी पुणेरी टाइमटेबल. गरुड घिरट्या घालायला लागला की मात्र खोडाला चिकटून पुतळा होतं.

घरटं काटक्या-पानांचं, गोल, भल्यामोठ्या चेंडूएवढं, आणि तेही उंचावरच्या बारीक फांद्यांत, जिथं बिबट्यासारखं वजनदार जनावर पोचणार नाही. गंमत म्हणजे एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, काही झोपायला, एखादं पिल्लांसाठी. त्यामुळे नुसती घरटी मोजून शेकरं किती ते कळत नाही, पुण्यातले फ्लॅट मोजून माणसं मोजल्यासारखं होईल ते, निम्मे बंदच असतात.

आता मुद्द्याचं. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. सगळं आयुष्य वरच्या वर, या झाडावरून त्या झाडावर. उडी म्हणाल तर सहा मीटरपर्यंत मारतं, पण त्यापुढं फांदीला फांदी लागलेली पाहिजे नाहीतर मधे एखादी जाड वेल तरी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण १३० चौरस किलोमीटर, पण नकाशावर जंगल सलग दिसलं तरी शेकरूला उपयोग नाही, ते वरून सलग पाहिजे. आपल्याला जे दोन झाडं तोडणं वाटतं ती त्याच्यासाठी दरी असते. देवराया म्हणूनच महत्त्वाच्या, तिथली जुनी झाडं वर एकमेकांत गुंतलेली असतात.

परत येताना रस्त्याच्या कडेला एक दिसलं. फांदीच्या पार टोकापर्यंत आलं, पलीकडच्या झाडाकडं बघितलं, अंग आखडलं, आता उडी मारणार म्हणून मी मोबाइल काढला, तर ते वळून आल्या वाटेनं निघून गेलं. काका म्हणाले, "हितं पूर्वी वेल होती."