काळ्या कातळाच्या मुलखात अशनी ओळखताना

अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेला दगड, समजून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणलेला दगड नाशिककडचा असला, की पहिला संशय बेसाल्टवर घ्यावा. पांडवलेणी ज्या काळ्या कातळात कोरली, तोच हा दगड. त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या कणांमुळे चुंबक ओढला जातो आणि आणणाऱ्याची खात्रीच पटते.

चुंबकावर न थांबता निकेल शोधावे, हे शहाणपण दोनशे वर्षांहून जुने आहे, आणि त्यात भारतात पडलेल्या दगडांचा वाटा आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ दगड पडले. त्यातले काही लंडनला पोचले. इंग्रज रसायनज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी ते इतर देशांतल्या अशनींसोबत तपासून १८०२ मध्ये निष्कर्ष छापले: सगळ्यांच्याच लोखंडात निकेल होते. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये लेगल इथे दगडांचा पाऊस पडला, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां-बातीस्त बियो यांनी जागेवर जाऊन चौकशी केली, तेव्हा कुठे दगड आकाशातून पडतात हे विद्वानांना पटले. ज्यांच्या शेतात दगड पडले होते त्यांना पटवण्याची गरज नव्हती.

आजची सोपी चाचणी १९०५ सालची, चुगाएव या रशियन रसायनज्ञाची. धातूचा कण पातळ नायट्रिक आम्लात विरघळवायचा, सायट्रिक आम्ल घालायचे, अमोनियाने द्रावण अल्कधर्मी करायचे, मग अल्कोहोलमधल्या डायमिथाइलग्लायॉक्झिम या रसायनाचे थेंब सोडायचे. लालगुलाबी साका बसला तर निकेल आहे. सायट्रिक आम्ल विसरले, तर लोखंडाचा तपकिरी चोथा बसतो आणि लाल रंग त्यातच हरवतो. नवख्यांची चाचणी बहुधा इथेच फसते.

साका लाल आला तरी हुरळून जाऊ नये, कारण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लेथवरचा स्टेनलेस स्टीलचा चुराही हाच रंग देतो. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये ८ ते १०.५ टक्के निकेल असते आणि कापताना ते थोडे चुंबकीयही होते. गच्चीवरच्या धुळीतून सूक्ष्म अशनी वेचणाऱ्यांना हा चुरा आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांचे गोळे फार छळतात. फरक क्रोमियमने कळतो: स्टीलमध्ये साधारण १८ टक्के, अशनीच्या धातूत जवळजवळ नाहीच.

घनताही उपयोगी पडते. सामान्य कॉन्ड्राइटची, म्हणजे नेहमी आढळणाऱ्या दगडी अशनीची, घन सेंटिमीटरला ३.२ ते ३.७ ग्रॅम, घट्ट बेसाल्टची २.९ च्या आसपास. पोकळ्या असलेला बेसाल्ट त्याहून हलका. मात्र अस्सल वाटणारा दगड पाण्यात बुडवून आकारमान काढू नये, आतले लोखंड गंजते. बारीक काचेचे मणी वापरावेत.

नाशिकच्या शेजारी नोंदवलेल्या अशनींपैकी जामखेडचा, १८६६ सालचा, एच गटातला, म्हणजे लोहसंपन्न. वरच्या कसोट्यांत तो उतरतो. खान्देशात मानेगावला १८४३ मध्ये पडलेला मात्र डायोजेनाइट प्रकारचा, बहुतांशी पायरॉक्सीन या सिलिकेट खनिजाचा. त्यात धातू नावापुरताच. चुंबक त्याच्याकडे वळणार नाही आणि निकेलचा साकाही धड दिसणार नाही. तिथे मिलिमीटरहून पातळ वितळकवच, म्हणजे पडताना पृष्ठभाग वितळून बनलेली साल, पाहायचे आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा.