पोर्ट उघडायचं की नाही: रिमोट कॅमेरे आणि दारांची पार्श्वभूमी

सोसायटीत कॅमेरे बसवायचे म्हटलं की सेक्रेटरींचा पहिला प्रश्न ठरलेला, मोबाइलवर दिसणार ना? ऑफिस असेल तर दुसरा, मी बाहेरगावी असताना दार उघडून देता येईल ना? दोन्हीला आपण सर्रास ‘रिमोट’ म्हणतो, पण या एका शब्दाखाली गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या गेल्यात आणि डिझाइनच्या मीटिंगमध्ये निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

फार मागे जात नाही. १९९६ मध्ये स्वीडनमधून पहिला नेटवर्क कॅमेरा बाजारात आला, २००३ मध्ये लॅनच्या केबलमधूनच १५.४ वॉटपर्यंत वीज द्यायचं स्टँडर्ड झालं, २००८ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकमेकांशी बोलावेत म्हणून ऑनव्हिफ हे सामाईक स्टँडर्ड सुरू झालं. त्याच वर्षी आपल्याकडे २६/११ झालं आणि दुकानदारसुद्धा कॅमेऱ्याची चौकशी करायला लागले. पण तेव्हा साइटवर बसत होतं ते कोॲक्स वायर, तिचे बीएनसी कनेक्टर आणि चित्र साठवणारा डीव्हीआर, आयपी (नेटवर्क) कॅमेरा म्हणजे मोठ्या कंपन्यांची चैन.

त्या काळात रिमोट म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, बाहेरून राउटरच्या एखाद्या पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) येणारं कनेक्शन सरळ आतल्या डीव्हीआरकडे वळवणं. राउटरच्या सेटिंगला (१९२.१६८.१.१) जायचं, ८० आणि ८००० (दुसऱ्या ब्रँडला ३७७७७) हे पोर्ट डीव्हीआरकडे वळवायचे, स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे) पैसे द्यायला मालक तयार नसेल तर डीडीएनएस (बदलता पत्ता एका नावाला जोडून ठेवणारी सेवा) लावायचं आणि मग इंटरनेट एक्सप्लोररमध्येच ॲक्टिव्हएक्सचं प्लगइन टाकून चित्र दाखवायचं. राउटरनं दाद दिली नाही तर डीव्हीआर सरळ डीएमझेडमध्ये टाकायचा, म्हणजे त्याचे सगळेच पोर्ट जगाला उघडे. हे मीपण केलंय. संध्याकाळी सात वाजता चेक हातात पडायचा असला की कोण फायरवॉलचा विचार करतो!

२०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर आलं आणि या सवयीचं बिल फाटलं. टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) चालू असलेली उपकरणं शोधायची, फॅक्टरीतले साठेक युजरनेम-पासवर्ड लावून बघायचे, एवढंच त्याचं तंत्र. २१ ऑक्टोबरला अशाच कॅमेरा-डीव्हीआरांच्या फौजेनं अमेरिकेतल्या एका डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीला झोपवलं आणि ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडखळत होते. सगळा दोष इन्स्टॉलरवर आला, जो मला तरी अर्धाच बरोबर वाटतो, कारण काही डीव्हीआरमध्ये वेब पेजवरून पासवर्ड बदलला तरी आतला टेलनेटचा पासवर्ड तसाच राहायचा, तो बदलायची सोयच नव्हती.

आता गंमत अशी की आपल्याकडे पोर्ट फॉरवर्डिंग मागे पडलं ते सुरक्षेमुळे नाही, पत्त्यांच्या टंचाईमुळे. आशियाच्या वाट्याचे आयपीव्ही४ (इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे) पत्ते २०११ च्या एप्रिलमध्येच जवळपास संपले होते, त्यामुळे इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पब्लिक आयपीमागे बसवायला लागल्या, त्यालाच सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) १००.६४ वगैरे पत्ता दिसला की समजायचं, कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. मग पी२पी आलं. डीव्हीआर स्वतःच उत्पादकाच्या सर्व्हरला फोन लावून बसतो, मालकानं क्यूआर कोड स्कॅन केला की सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, आणि नाहीच जमलं तर चित्र स्वतःमार्फत पाठवतो. इन्स्टॉलर खूश, मालक खूश.

पण वाद इथेच आहे. एक गट म्हणतो की पोर्ट बंद झाले, विषय संपला. दुसरा म्हणतो, पूर्वी दार आपण उघडं टाकत होतो, आता किल्ली तिसऱ्याकडे दिलीय. २०१८ मध्ये एका चिनी उत्पादकाच्या पी२पी सेवेबद्दल उघड झालं की उपकरणाचा क्रमांक मॅक ॲड्रेसवरून (त्याच्या नेटवर्क हार्डवेअरच्या क्रमांकावरून) काढलेला होता, म्हणजे अंदाजानं दुसऱ्याचा डीव्हीआर गाठता येत होता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका क्लाउड कॅमेरा कंपनीचं एकच ॲडमिन खातं हाती लागलं आणि सुमारे दीड लाख कॅमेरे उघडे पडले. मी व्हीपीएनवाला (साइटपर्यंत खाजगी, एन्क्रिप्टेड वाट काढणारा) आहे हे आधीच सांगतो, पण वर्षाला मेंटेनन्सचे पैसे कोण देणार म्हटलं की माझंही कोटेशन बाजूला पडतं. केंद्राने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केल्यावर स्वस्तातले बरेच मॉडेल गायब झाले, तेवढं बरं झालं.

दारांचं मात्र वेगळं. चांगला कंट्रोलर (दार उघडायचं की नाही ठरवणारी पेटी) कार्डांची यादी स्वतःजवळ ठेवतो, नेट गेलं तरी माणसं आत येतात, म्हणून रिमोट म्हणजे इथे फक्त यादी बदलणं आणि कधीमधी दार उघडून देणं. कॅमेऱ्याचा ट्रॅफिक आणि कंट्रोलर एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या एकाच कप्प्यात) टाकू नका हे हल्ली टेंडरमध्येही लिहून येतं. पण भिंतीवरच्या रीडरपासून कंट्रोलरपर्यंत अजून बहुतेक ठिकाणी विगँड हा जुना वायरीचा प्रोटोकॉलच आहे, २६ बिट, त्यात साइटचा कोड ८ बिट आणि कार्डाचा नंबर १६ बिट, कसलंही एन्क्रिप्शन नाही. दुतर्फा बोलणारं, एन्क्रिप्शनची सोय असलेलं ओएसडीपी हे स्टँडर्ड आहे, पण जुनी केबल आणि जुने रीडर चालतायत तोवर कुणी हात लावत नाही. मोबाइलवरून दार उघडणाऱ्या नव्याकोऱ्या क्लाउड सिस्टिमचा रीडर काढून बघा, मागे विगँडच्या त्याच दोन वायरी निघतात, हिरवी आणि पांढरी.