केनियाला निघालात? यलो फीव्हरचं कार्ड आधी बघा

मसाई माराची तिकिटं हातात पडली की फोन येतो, ‘पुढच्या शुक्रवारी निघतोय, ती लस कुठे मिळेल?’ घोळ इथेच होतो. यलो फीव्हरची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची, लस टोचल्यावर मिळणारा दाखला (हेच ते कार्ड) 10 दिवसांनी लागू होतो. 1 तारखेला घेतलीत तर 11 पासून. इथे ओळखपाळख चालत नाही.

‘पण भारतातून जाणाऱ्यांकडे केनिया मागतच नाही!’ बरोबर. मागतो तो भारत, परत येताना. हा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डेंग्यूचाच डास घरोघरी आहे, म्हणून एवढी कडक तपासणी. लागण असलेल्या देशातून निघाल्यापासून 6 दिवसांच्या आत इथे उतरलात आणि वैध कार्ड नसलं, तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. येताना दुबईत तीन दिवस थांबलात म्हणून सुटका नाही. दिवस नैरोबी सोडल्यापासून मोजतात.

फ्लूची लस कोपऱ्यावरचे डॉक्टर देतात. ही मात्र सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. मान्यता नसलेल्या ठिकाणच्या दाखल्याला विमानतळावर किंमत नाही. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेकडे, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य संघटनेकडे चौकशी करा. उघडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. वार, शुल्क, नोंदणी हे आधी विचारूनच घराबाहेर पडा.

मूळ पासपोर्ट न्या. मोबाइलमधला फोटो दाखवून हात हलवत परत आलेले कमी नाहीत. कार्डावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, सही, शिक्का खिडकीशीच तपासा; नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा रांग. पासपोर्ट नवा काढला असेल तर जुनाही सोबत ठेवा, कारण कार्डावर क्रमांक त्याचा असतो.

जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली दिसली म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका. 11 जुलै 2016 पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, आधी दिलेलाही. हे काउंटरवरच्या माणसालाही कधीकधी सांगावं लागतं!

लस जिवंत विषाणूची आहे. साठी ओलांडलेल्यांनी, गरोदर बायकांनी, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लस देता येत नाही असं डॉक्टरांचं पत्र मिळालं तरी ते मानायचं की नाही हे विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. तेव्हा तिकीट काढण्याआधीच विचारा, आणि कार्ड मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.