दहा दिवसांत हॉस्पिटल: कमाल कुणाची?

२०२० पासून व्हॉट्सॲपवर एक दावा फिरतोय: वुहानचं कोरोनाच्या पेशंटसाठीचं हुओशेनशान रुग्णालय चीनने कॉम्प्युटरच्या जोरावर शून्यातून दहा दिवसांत उभं केलं. दहा दिवस खरे आहेत. २३ जानेवारीला काम सुरू झालं, २ फेब्रुवारीला इमारत ताब्यात दिली आणि ४ तारखेला पेशंट दाखल होऊ लागले. खाटा सुमारे १०००. 'शून्यातून' मात्र साफ चूक.

सार्सच्या साथीत, २००३ मध्ये, बीजिंगजवळ शियाओतांगशान रुग्णालय आठवडाभरात उभारलं होतं. त्याचेच नकाशे वुहानला पाठवले गेले. खोल्या म्हणजे कारखान्यात बनणारे, कंटेनरसारखे तयार खोके. जागेवर आणायचे, जोडायचे. हजारो मजूर रात्रंदिवस राबले, ते वेगळंच.

मग कॉम्प्युटरवरचं इमारतीचं डिजिटल मॉडेल, म्हणजे 'बिम', करतं काय? विटा रचत नाही. भांडणं आधी मिटवतं! संसर्गाच्या वॉर्डात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवावा लागतो, म्हणून हवेचे डक्ट जास्त. त्यांच्याच वाटेत ऑक्सिजनची लाइन, सांडपाण्याचे पाइप, वायरी. डक्ट आणि पाइप एकाच जागी आले, तर ते स्क्रीनवर कळतं. नाहीतर छताखाली शिडीवर चढलेल्या फिटरला कळतं, आणि तोवर अर्धा दिवस गेलेला असतो.

जाता जाता: '१६ तासांत पहिली इमारत तयार' म्हणून तेव्हा फिरलेला फोटो त्या रुग्णालयाचा नव्हताच.