सेंधव्याचा घाट उतरणारी मुलं आणि माहिती अधिकाराचा अर्ज

दसरा-दिवाळीच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडची कुटुंबं सेंधव्याचा घाट उतरून ऊसतोडीला महाराष्ट्रात जातात, झाबुआ-अलीराजपूरची बांधकामांवर गुजरातेत. मुलं पटावर इकडे, प्रत्यक्षात तिकडे. अशा मुलांच्या शिक्षणधोरणावर इंदुरात राहून एम.ए.चा प्रबंध लिहायचा, तर कागद तीन राज्यांच्या आणि केंद्राच्या कपाटांत विखुरलेले. ते मागायचा कायदा एकच, माहितीचा अधिकार (आर.टी.आय.) अधिनियम, २००५. फी आणि नियम मात्र घाट उतरला की बदलतात.

अर्ज भारताच्या कोणत्याही नागरिकाला करता येतो. विभागाच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीने पाठवू नका. स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावरून करा. नेपाळहून शिकायला आलेल्या वर्गमित्राला हा हक्क नाही, त्याच्यासाठी तुम्ही अर्ज करा. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. गाइडचं पत्र, बोनाफाइड, प्रबंधाचा आराखडा यांतलं काहीही जोडावं लागत नाही. फीमाफी हवी असेल तर दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा तेवढा जोडायचा.

भाषेची एक गंमत आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत चालतो. म्हणजे पुण्याच्या कार्यालयाला आपण हक्काने मराठीत लिहावं, पण इंदुरातल्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावरच्या कार्यालयाला हिंदीत किंवा इंग्रजीतच. चार पिढ्या इंदुरात काढल्या तरी!

मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि केंद्र यांची अर्ज फी १० रुपये, गुजरातची २०. महाराष्ट्रात कोर्ट फी स्टँप चालतो, पण तो महाराष्ट्राचा हवा आणि इंदुरात तो मिळणार कुठे? म्हणून त्या राज्याच्या आर.टी.आय. पोर्टलवरून ऑनलाइन भरा. केंद्राच्या पोर्टलवर राज्याचा अर्ज टाकलात तर तो परत येतो आणि १० रुपये बुडतात.

आता खरी मेख. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. माझा पहिला अर्ज याच कारणाने परत आला होता: त्यात हंगामी वसतिगृहंही होती आणि शिक्षण हमी कार्डंही (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिलं जाणारं कार्ड). दोन विषय, दोन अर्ज, एवढं लक्षात ठेवलं असतं तर महिना वाचला असता. केंद्राकडे ५०० शब्दांची सवड आहे.

प्रश्न विचारूच नका, कागद मागा. ‘स्थलांतरित मुलांना प्रवेश का नाकारला जातो?’ याला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. कायद्यातली ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे असलेली नोंद. त्याऐवजी असं लिहा: ‘अमुक तालुक्यात गेल्या तीन शैक्षणिक वर्षांत दिलेल्या शिक्षण हमी कार्डांची शाळानिहाय संख्या, आणि त्यासंबंधीच्या परिपत्रकांच्या प्रती.’ मध्य प्रदेशाकडे यू-डायसच्या (शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीच्या) ‘ड्रॉपबॉक्स’मधल्या विद्यार्थ्यांची शाळानिहाय संख्या मागा. शाळा सोडली, पण दुसरीकडे नाव लागलं नाही, अशी मुलं तिथे सापडतात. मुलांची नावं किंवा आधार क्रमांक मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल, आणि यायलाच हवा.

शिक्षण हक्क (आर.टी.ई.) कायद्याचं कलम ५ हाताशी ठेवा. टी.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. याबद्दलच्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत मागितली, तर बहुधा ‘निरंक’ असं उत्तर येतं. प्रबंधात तेही उत्तर वापरा.

उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत उलटून माहिती दिली तर प्रतींचे पैसे घेता येत नाहीत. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत प्रथम अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. त्याची फी मध्य प्रदेशात ५० रुपये, महाराष्ट्रात २०. गुजरातेत आणि केंद्राकडे काही नाही. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील माहिती आयोगाकडे, पण तिथल्या तारखेच्या भरवशावर प्रबंधाचं वेळापत्रक आखू नका. पहिला अर्ज पहिल्याच सत्रात टाका आणि पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक वहीत उतरवून ठेवा. अपिलाच्या वेळी तोच लागतो.