शोषखड्ड्यात मुरलेलं पाणी जातं कुठं?

उन्हाळा आला की कोल्हापूरच्या पेपरात एक फोटो ठरलेला. पंचगंगेवर पसरलेलं हिरवंगार केंदाळ (जलपर्णी), ते ओढून काढणारं मशीन, आणि कधीकधी त्याच पानावर तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच. मग चर्चा सुरू होते, शहरातले नाले, इचलकरंजीच्या कापडाच्या प्रोसेस, साखर कारखाने वगैरे. ते सगळं खरंच आहे आणि त्यांना सोडायचं काही कारण नाही, २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती आणि माणसं गेली होती त्यात. पण या चर्चेत शहराला चिकटलेल्या गावातला एखादा तरी हमखास म्हणतो, "आमचं काय नाही हो त्यात, आमच्याकडं घरटी शोषखड्डा हाय, पाणी जाग्यावरच मुरतंय."

मुरतंय हे खरं. पुढं काय होतं ते कुणी विचारत नाही, म्हणून हा लेख.

पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, शिंगणापूर ही सगळी नावाला गावं. हद्दवाढीचा वाद कित्येक दशकं चालूच आहे, २०१७ ला आसपासच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण झालं, आणि या सगळ्या भानगडीत प्लॉट मात्र कुणासाठी थांबले नाहीत. ऊस गेला, एनए झालं, गुंठ्या गुंठ्यानं विकलं. बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न पाणी येतं का. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलंय, योजना होतात, टाक्या उभ्या राहतात, उद्घाटनं होतात. आलेल्या पाण्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास पाणी वापरून परत बाहेर पडतं, त्याचं प्लॅनिंग म्हणजे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. खड्डा दिसत नाही त्यामुळं प्रश्नही दिसत नाही.

आता सेप्टिक टँक नेमकं करतो काय? बहुतेकांना वाटतं तो पाणी शुद्ध करतो. तो फक्त वेगळं करतो. जड ते खाली बसतं, तेलकट ते वर तरंगतं, मधलं पाणी एखाद दोन दिवस थांबून पुढच्या खड्ड्यात जातं. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू थोडी घाण खातात, गॅस सोडतात, पण नायट्रोजन जवळपास जसाच्या तसा पुढं जातो, आणि मला बोलायचंय ते या नायट्रोजनबद्दलच.

आपण डाळ खातो, दूध पितो, पांढरा रस्सा ओरपतो, त्यातल्या प्रोटीनमधला नायट्रोजन शेवटी बाहेर पडतो, बहुतांश लघवीतून, युरियाच्या रूपात. हा तोच युरिया, पोत्यातला. आहाराप्रमाणं माणशी रोज ७ ते १२ ग्रॅम नायट्रोजन पडतो, आपण १० धरू. चार माणसांच्या घराचा रोज ४० ग्रॅम, म्हणजे वर्षाला साडेचौदा किलो, आणि हा सगळा एका गुंठ्यात.

आता शेतकऱ्याला विचारा. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नायट्रोजनची आहे. हेक्टरमध्ये जवळपास १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ४ किलो, आणि तोही दीड वर्षाच्या पिकाला, हप्त्याहप्त्यानं, वर तो शोषायला उसाची मुळं हजर. घराच्या गुंठ्यात साडेचौदा किलो, एका वर्षात, आणि शोषायला फार तर एक नारळ आणि दोन जास्वंदी. कॉलनीतले रस्ते, मोकळी जागा हिशोबात धरून आकडा निम्मा करा, तरी उसाच्या वरच राहतो. उसाला लोक एवढं खत टाकतात म्हणून आपण शेतकऱ्याला नावं ठेवतो, आणि त्याच रानात घर बांधलं की त्याच्यापेक्षा जास्त टाकतो!

सेप्टिक टाकीत युरियाचा लगेच अमोनियम होतो. अमोनियमवर धन प्रभार असतो, एनएच४ प्लस, शाळेत केलंय आपण. आणि मातीच्या चिकण कणांवर असतो ऋण प्रभार, त्यातही आपल्या काळ्या मातीत जे माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं त्यावर तर भरपूर. त्यामुळं अमोनियम मातीला धरून बसतो, लांब जात नाही. इथंच गोष्ट संपली असती तर शोषखड्डा म्हणजे झकास व्यवस्था झाली असती. पण खड्ड्याच्या आजूबाजूच्या मातीत हवा असते आणि हवेत जगणारे जिवाणू असतात, नायट्रोसोमोनास नावाचे अमोनियमचं नायट्राइट करतात, आणि नायट्रोबॅक्टर वगैरे मंडळी त्याचं पुढं नायट्रेट करतात. जेवण म्हणून त्यांना अमोनियाच पुरतो, त्याला 'जाळून' ते ऊर्जा मिळवतात आणि शरीर बांधायला कार्बन डायऑक्साइड घेतात, सूर्यप्रकाश न लागता. हे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की नावाच्या रशियन वैज्ञानिकानं दाखवलं तेव्हा फार मोठी गोष्ट होती ती, आणि आजही मला भारी वाटते, की मोरीखालच्या मातीत असले जीव बसलेत.

पण त्यांनी आपलं काम केलं की घोटाळा होतो. नायट्रेटवर ऋण प्रभार. माती पण ऋण. म्हणजे माती त्याला धरत नाही, उलट ढकलते, आणि पाण्याबरोबर तो सरळ खाली. पाचगाव, मोरेवाडीच्या माळाच्या बाजूला तर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. बेसॉल्टमध्ये पाणी वाळूसारखं गाळून जात नाही, ते फटीतून जातं, आणि फट कुठून कुठं जाते हे वरून कळत नाही. म्हणून "जमिनीत मुरलं की गाळून शुद्ध होतं" हे अर्धंच खरं आहे. चांगली खोल माती असेल तर जंतू बऱ्यापैकी अडकतात. नायट्रेट विरघळलेला असतो, तो गाळला जात नाही.

किती होतो बघा. १० ग्रॅम नायट्रोजनचा पूर्ण नायट्रेट झाला तर ४४ ग्रॅम होतो (१४ ला ६२ हे प्रमाण, करून बघा). पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणं लिटरमागं ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतो. म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा नायट्रोजन जवळपास १००० लिटर पाणी मर्यादेला नेऊन ठेवू शकतो, आणि आपण माणशी वापरतो ५०–१०० लिटर. बाकीचं पातळ करायचं काम पावसानं करायचं. सगळा खाली पोचत नाही, काही माती धरते, काही झाडं घेतात, काही वाटेत गॅस होऊन उडतो. पण घरं वाढत जातात आणि पाऊस तेवढाच राहतो, आणि जो पडतो तोही काँक्रीटवरून गटारीत जातो, मुरत नाही.

गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, दहा मीटर बाय दहा मीटर. विहीर आणि शोषखड्डा यात निदान १०–१५ मीटर अंतर हवं असं सांगतात. एका गुंठ्याच्या प्लॉटमध्ये ते बसवून दाखवा. पुढं बोअर, मागं खड्डा, आणि शेजाऱ्याचं उलटं, त्यामुळं माझा खड्डा त्याच्या बोअरला चिकटलेला. बोअर कुठं मारायचा हे ठरवायला पाणाडी बोलावतात, तो तळहातावर नारळ ठेवून प्लॉटभर फिरतो, नारळ उभा राहिला की इथं पाणी. पैसे घेतो, पाया पडून घेतो. बरं, फटीच्या खडकात कुठंतरी पाणी लागतंच त्यामुळं त्याचं नाव होतं, न लागलेले बोअर कोण मोजतंय? पण समजा त्याला खरंच पाणी कळतं, मग ते पाणी शेजारच्या टाकीतलं आहे का हे नारळाला कसं काय कळत नाही? तीच गत त्या पावडरच्या पुड्यांची, "टाकीत टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही". टाकीत जिवाणू आधीच अब्जावधी असतात हो, आणि कुठलीही पावडर नायट्रोजन नाहीसा करत नाही.

"आम्ही उकळून पितो." चांगलं आहे, जंतू मरतात. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट थोडा वाढतो. यूव्हीवाल्या मशीनचाही उपयोग नाही, आरओ बराचसा काढतो. धोका सगळ्यात जास्त सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला, म्हणजे पावडर बोअरच्या पाण्यात कालवली तर. नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाला बिघडवतं, आणि रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, बाळ निळं पडतं.

आणि नदीचं काय? पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे (अडवायच्या फळ्या) घालतात, पाणी थांबतं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा महाराष्ट्रभर गेला, आपला अभिमानच आहे तो, पण थांबलेलं उबदार पाणी केंदाळाला लई आवडतं. या दिवसांत नदीत धरणातून सोडलेलं पाणी असतं तसंच जमिनीतला पाझरही असतो, आणि त्या पाझरातून मुरलेला नायट्रेट हळूहळू नदीत पोचतो, केंदाळाला खत म्हणून. म्हणजे "आमचं काय नाही त्यात" हे बरोबर नाही. जिथं ओढ्यातून थेट कच्चं सांडपाणी येतं तिथं तर अमोनियाच नदीत येतो, आणि त्याचा नायट्रेट होताना एका ग्रॅम नायट्रोजनला साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. चांगल्या पाण्यात लिटरमागं ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे एक ग्रॅम नायट्रोजन साडेपाचशे लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतो. मासे मरतात त्याला हे एक कारण आहे, एकमेव नाही.

मग उपाय? नायट्रोजनला परत हवेत धाडायचं. हवेत ७८ टक्के तोच आहे, तिथं त्याचा कुणाला त्रास नाही. हे काम करणारे जिवाणूही मातीतच असतात, स्युडोमोनास वगैरे. ऑक्सिजन संपला की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून श्वास घेतात आणि नायट्रोजन वायू सोडून देतात. अट अशी की जागा हवाबंद पाहिजे आणि खायला सेंद्रिय कार्बन पाहिजे. म्हणजे आधी हवा पाहिजे (अमोनियमचा नायट्रेट करायला) आणि नंतर हवा नको (नायट्रेटचा वायू करायला). शोषखड्ड्यात पहिलं होतं, दुसरं नीट होत नाही, कारण तिथपर्यंत खायचा कार्बन संपलेला असतो आणि पाणी फटीतून निसटलेलं असतं.

ओढ्याकाठचं पाणकणीस उपटून त्याचं पान किंवा देठ मोडून बघा, आत पोकळ पोकळ कप्पे दिसतील. चिखलात हवा नसते म्हणून हे झाड वरून हवा खाली मुळापर्यंत नेतं, आणि त्यातली थोडी मुळाच्या टोकाजवळून बाहेर गळते. मुळाच्या भोवती मिलिमीटरभर हवेशीर थर, त्याच्या पलीकडं हवाबंद चिखल. अमोनियम मुळाजवळ आला की नायट्रेट, नायट्रेट बाजूला सरकला की वायू. दोन्ही खाती एकाच ढेकळात! यावरच रूट झोन पद्धत उभी आहे, खडी वाळूचा वाफा, त्यात कर्दळ, पाणकणीस, आणि आतून टाकीचं पाणी.

पण इथं जाहिरातवाल्यांचं ऐकू नका, की झाडं लावली की झालं. मुळं सोडतात तो ऑक्सिजन गरजेच्या मानानं फार थोडा असतो हे मोजून झालेलं आहे. म्हणून वाफे दोन लागतात. पहिला उभा, म्हणजे वरून पाणी थोडं थोडं टप्प्यानं सोडायचं आणि मध्ये वाळू निथळू द्यायची, की हवा आत ओढली जाते. दुसरा आडवा, कायम भरलेला, तिथं हवा नसते. पहिल्यातून आलेल्या नायट्रेटला दुसऱ्यात कार्बन कमी पडतो, म्हणून थोडं कच्चं टाकीचं पाणी बगल देऊन सरळ दुसऱ्यात सोडतात, किंवा पहिल्यातलंच थोडं पाणी परत टाकीत फिरवतात, प्रमाण चुकलं तर अमोनिया तसाच निसटतो किंवा अर्धवट काम होऊन नायट्रस ऑक्साइड निघतो जो तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीपेक्षा जास्त वाईट. असो, हे इंजिनिअरवर सोडू.

आपल्या हवामानात दोन्ही मिळून माणशी १ ते २ चौरस मीटर जागा ढोबळमानानं पुरावी. १०० घरांची कॉलनी, ४०० माणसं, म्हणजे ४ ते ८ गुंठे. एवढी जागा निघते की. अडचण अशी की ती सगळ्यात खालच्या अंगाला पाहिजे, पाणी आपसूक तिथं यायला, नाहीतर पंप आला, लाइट बिल आलं, आणि ग्रामपंचायतीनं बिल थकवलं की प्लँट बंद. आणि ओढ्याकाठची ती खालची पट्टी पहिल्यांदा भराव टाकून विकली जाते, राहिलेला वाकडा कोपरा ओपन स्पेस म्हणून नकाशावर हिरवा रंगवतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं या पट्ट्या कुठं आहेत ते घरात शिरून दाखवलंय, वेगळा सर्व्हे करायची गरज नाही. पुराच्या टप्प्यातला वाफा पुरात बुडणार हेही खरं, त्यामुळं पूररेषेच्या थोडं वर पण कॉलनीच्या खाली अशी जागा शोधावी लागते, आणि ती लेआउट मंजूर व्हायच्या आधीच शोधावी लागते, कारण नंतर ती कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. टाक्या उपसणारा टँकर कुठं रिकामा होतो हेही तेव्हाच ठरवावं, आज तो बऱ्याचदा रात्री ओढ्यात रिकामा होतो.

तोवर एक काम फुकट आहे. जल जीवनच्या पाणी तपासणी किट ग्रामपंचायतींना मिळाल्यात, गावातल्या बायकांना त्याचं ट्रेनिंगही दिलंय, त्यात नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही बघता येतं. आपल्या बोअरचं पाणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्या. नायट्रेट वाढलेला आणि क्लोराइडही वाढलेलं (लघवीत मीठ असतं) तर संशय टाकीवर, नुसता नायट्रेट वाढलेला तर उसाच्या खतावर. मात्र शेजारच्या रानात म्युरेट ऑफ पोटॅश हे खत टाकत असतील तर त्यातूनही क्लोराइड येतं, त्यामुळं तेवढं शेजाऱ्याला विचारून घ्या, आणि आकडे गावच्या नकाशावर विहिरीच्या जागी पेन्सिलनं लिहीत चला.